फुकटचं कपाट

सकाळपासून आभाळ असं ठाण मांडून बसलं होतं, जणू त्याला कुणी मुक्कामाला बोलावलं होतं. ऊन नाही, वारा नाही, नुसतं धुकं गल्लीत लोंबकळत होतं. असल्या दिवशी रंगाऱ्याचं डोकं उठतं. रंग वाळत नाही, भेगा-खड्डे बुजवायची लांबी धरत नाही, आणि ज्याचं घर त्याला वाटतं की हा गडी मुद्दाम दिवस काढतोय.

रंगारी एका रिकाम्या घराच्या पुढच्या खोलीत उकिडवा बसून पत्रीने भिंतीचा पायथा खरवडत होता. पत्रीखाली पोपडे गळत होते आणि अंथरलेल्या रद्दीवर त्यांचा ढीग साचत होता. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी भिंत आतून मऊ झाली होती. असल्या भिंतीचं खरं औषध त्याला पाठ होतं. बाहेरची माती उकरायची, गिलावा विटेपर्यंत उतरवायचा आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायची. पण ते औषध कुणी मागायचं नाही. त्याच्याकडे मागणी एकाच गोष्टीची, "शनिवारी गिऱ्हाईक येतंय, तेवढं बघ."

रंगारी लोक या कामाला 'दाखवायचा हात' म्हणत. खरा हात राहणाऱ्यासाठी, दाखवायचा हात बघायला येणाऱ्यासाठी. डागावर आधी दाट प्रायमर, वर लांबी, त्यावर फिक्या पिवळ्या रंगाचे दोन हात. हवा बरी असली तर भिंत थंडीपर्यंत तोंड उघडत नाही, आणि तोवर घर दुसऱ्याच्या नावावर झालेलं असतं.

आणि जिथे लांबी वाळलीच नाही तिथे काय? तिथे कपाट.

ही युक्ती खुद्द रंगाऱ्याची. फार पूर्वी असाच कुंद दिवस होता, गिऱ्हाईक फाटकात उभं होतं, कोपऱ्यात परातीएवढा ओला डाग होता आणि घर विकून देणारा एजंट कपाळाला हात लावून बसला होता. रंगाऱ्याने आतलं कपाट पाठीने ढकलत आणलं आणि डागापुढे उभं केलं. "असू द्या साहेब. कपाटाच्या मागे कोण बघतंय?" गिऱ्हाईक आलं, कपाटाच्या आरशात केस नीट करून गेलं आणि घर विकलं गेलं. एजंटाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवसापासून तो रंगाऱ्याला 'उस्ताद' म्हणू लागला.

एजंटाला मात्र सगळे पाठीमागे किल्लीवाला म्हणत. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की माणूस वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायचा. ज्यांना घर विकायचं असे ते याच्याकडे किल्ली टाकून मोकळे होत. बोलणं असं मऊ, की समोरच्याला वाटावं हा आपल्या घरचंच लग्न ठरवतोय. कुणाच्या आईचे गुडघे दुखतात, कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, सगळं त्याच्या लक्षात. भेटला की आधी तेच विचारणार.

त्या धुक्याच्या सकाळीही जुडगा आधी वाजला, मग तो आत आला.

"काय उस्ताद, वहिनींचा दम कसा आहे?"

"तोच. थंडी आली की वाढणार."

"अरे, मग त्या खोलीतून हलव की त्यांना! सगळ्यांच्या भिंती सुकवतोस, आणि बायकोला ठेवतोस ओलीत."

रंगाऱ्याची पत्री थांबली. बोलणं वर्मी लागलं होतं. ते राहत होते ती भाड्याची खोली अर्धी जमिनीत होती, रस्ता खिडकीच्या बरोबरीने जायचा. बायको पूर्वी बेकरीत पाव भरण्याचं काम करायची. पिठाने छाती धरली म्हणून काम सोडलं, तर या खोलीने उरलीसुरली छाती धरली. जिना चढताना मध्येच थांबून ती उगीच पदर नीट करायची. दम लागलाय हे दिसू नये म्हणून. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाला, "गोळ्या मी देतो, पण खोली बदला. कोरडी, ऊन येणारी." तेव्हापासून रंगाऱ्याच्या डोक्यात एकच किडा, थंडीच्या आत हिला कोरड्या घरात न्यायची. आयुष्यभर साठवलेलं सगळं एकदाच त्यावर लावायचं.

"बघतोय साहेब," तो म्हणाला. "जमेल असं मिळत नाही."

"माझ्याकडे एक आलंय," किल्लीवाला म्हणाला. "लहानसं, ओळीतलं शेवटचं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. दुसऱ्या कुणाला दाखवलेलं नाही. आधी घरचा माणूस, मग बाकीचे."

*

रंगाऱ्याची थोरली बहीण, आक्का, कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवायची. दंड पैलवानासारखे आणि जीभ इस्त्रीपेक्षा तापलेली. रंगारी तिच्याकडे बातमी घेऊन गेला तेव्हा ती एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरशी झगडत होती.

"घर कुणाचं?"

"आहे एक मालक. किल्लीवाल्याकडे दिलंय विकायला."

"आणि तुझ्याकडून कोण बघणार?"

"किल्लीवालाच. दोन्हीकडून तोच. दुसरा एजंट आणला तर त्याचं कमिशन कुठून तरी निघणारच ना? तो म्हणतो, मी एकटाच असलो तर तेवढं मालकाकडून तुला कमी करून देतो."

आक्काने इस्त्री उभी केली. "धाकट्या, तुझं नि शेजाऱ्याचं भांडण झालं तर शेजाऱ्याचाच वकील करशील का तू?"

"हे काय भांडण आहे?"

"विकणाऱ्याला जास्त हवंय, घेणाऱ्याला कमी द्यायचंय. याला तुमच्यात काय म्हणतात, भजन?" तिने शर्ट उलटा केला. "माझ्याकडे कपडे टाकते ना ती चष्मेवाली, तीही घरांचंच बघते. घेणाऱ्यांकडून जाते. भिंतीला कान लावते म्हणे. तिला विचारू?"

"तिला फुकटचे पैसे कशाला?"

"डॉक्टरला देतोस ते काय फुकटचे?"

"अगं आक्का, भिंतीचं मला कोण शिकवणार? जन्म गेला भिंतींत. आणि किल्लीवाला आपला माणूस आहे. इतकी वर्षं त्याच्या भिंती झाकतोय मी."

"म्हणून तर म्हणते," आक्का म्हणाली आणि इस्त्री अशी दाबली की शर्टातून वाफेचा फुत्कार निघाला. "त्याला काय काय सांगून बसलायस?"

रंगारी नखांतला वाळलेला रंग खरवडू लागला. सांगायचं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं त्याने. बायकोचा दम, डॉक्टरचं म्हणणं, थंडीच्या आत हलायचंय ही घाई, आणि ओढूनताणून कुठपर्यंत जाता येईल तो शेवटचा आकडासुद्धा. किल्लीवाल्याने विचारलंच होतं इतक्या मायेने, की लपवणं म्हणजे कृतघ्नपणा वाटला असता.

"मुका झालास म्हणजे सगळंच सांगितलंस," आक्का म्हणाली. "छान. आता पत्ते त्याच्या हातात, आणि तू खेळायला बसलायस."

*

घर बघायला दोघं नवराबायको गेले. ऊन पडलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी उजेडाने भरली होती आणि बायको त्या उजेडात जाऊन जी उभी राहिली ती हलेचना. ओट्यावर हात ठेवून म्हणाली, "इथे बसून भाजी निवडता येईल." एवढंच. पण तिच्या तोंडावर रंगाऱ्याने इतकं सुख पाहून किती वर्षं झाली होती देव जाणे.

मग झोपायची खोली. दारातच बायकोने नाक ओढलं. "रंगाचा वास येतोय." तिला खोकला आला.

"ताजा हात दिलाय वहिनी," किल्लीवाला म्हणाला. "नव्या माणसाला नवं वाटावं म्हणून."

खोलीत बाकी काही नव्हतं. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला एक कपाट तेवढं होतं. जुन्या लाकडाचं, काळपट, दोन दारांचं, मध्ये लांब आरसा. छताला टेकेल एवढं उंच.

रंगाऱ्याची नजर सवयीने खाली गेली. समोरच्या भिंतीपाशी फरशीवर चार फिके चौकोन होते. कपाट वर्षानुवर्षं तिथे उभं राहिल्याच्या खुणा. म्हणजे हल्लीच कुणीतरी त्याला इकडून तिकडे नेलं होतं.

त्याने वर पाहिलं. किल्लीवाला त्याच्याकडेच बघत होता आणि हसत होता, नेहमीसारखा, स्वच्छ. नजर चोरली असती तर रंगारी समजला असता. पण नजर चोरली नाही.

हा आपल्याशी असं करणार नाही, रंगाऱ्याच्या मनाने लगेच उत्तर दिलं. दुसऱ्या कुणाशी केलं असतं. पण मला ही युक्ती माहीत आहे हे याला माहीत आहे. ज्याने जाळं विणलं त्याच्यावरच कोण जाळं टाकेल?

तरीही त्याने कपाटाच्या कडेला हात लावला होता. फक्त खांदा द्यायचा होता. पण बाजूला बायको उभी होती आणि ती विचारणार होती, "कशाला हलवताय?" मग सांगावं लागलं असतं की कपाटामागे काय असतं, आणि हे आपल्याला कुठून माहीत. तिला वाटायचं आपला नवरा भिंती बऱ्या करतो. शेजारणींना ती अभिमानाने सांगायची, "हे ओलीचे डॉक्टर आहेत." इतक्या वर्षांत त्याने तिला दाखवायच्या हाताबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता.

त्याने कपाटावरून नुसता हात फिरवला. "लाकूड चांगलंय," तो म्हणाला.

बायको आरशात स्वतःकडे बघत होती. "एवढ्या मोठ्या आरशात मी स्वतःला कधी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली आणि लाजली.

चारच दिवसांत किल्लीवाला निरोप घेऊन आला. मालक एका पैशाने खाली येत नाही. शेवटचा आकडा म्हणजे नेमका तोच, रंगाऱ्याने त्याच्या कानात सांगितलेला. "पण मी सोडलं नाही त्याला, उस्ताद. भांडलो. म्हटलं, आमच्या वहिनी पहिल्यांदाच स्वतःच्या घरात येतायत, त्यांना रिकाम्या हाताने आणायचं? शेवटी कबूल झाला. कपाट तुम्हालाच सोडतोय. फुकट!"

बायको केवढी खूश झाली. रंगाऱ्याने सही केली.

*

थंडी आली आणि घराने तोंड उघडलं.

आधी वास आला. मग बायकोने एका सकाळी कपाटाच्या खालच्या खणातून जाड चादर काढली ती गारढोण, आणि घडीवर काळे ठिपके. ती म्हणाली, "अहो, कपाटाला काहीतरी झालंय. पुढे ओढून बघा ना जरा."

"जड आहे," रंगारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हणाली. "पाठीत उसण भरलीय," तो म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो ऐकू न आल्यासारखा ब्रश धूत बसला. ओळीतल्या शेवटच्या घराचं बाहेरचं अंगण त्याने तोवर बघून घेतलं होतं. पलीकडच्या माणसाने भर टाकून जमीन कंबरेएवढी वर आणली होती. सगळं पाणी याच भिंतीत मुरत होतं. कपाटामागे काय असणार हे त्याला पोपड्यानिशी दिसत होतं, पण ते बघितलं की खरं होणार होतं.

बायकोचा दम वाढला. पूर्वी जिन्यावर थांबायची, आता खोलीतून स्वयंपाकघरात जाताना थांबायला लागली. तिने आपलं अंथरूण आपणच उचललं आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली टाकलं. "इथे ऊन येतं," म्हणाली. तक्रार केली नाही.

शेवटी आक्का आली. ओट्याखालचं अंथरूण बघितलं, वहिनीच्या छातीचा आवाज ऐकला आणि तडक खोलीत गेली. "धाकट्या, उसण भरलीय ना तुझ्या पाठीत? बस मग तिकडे." इस्त्री ओढून कमावलेला दंड तिने कपाटाला लावला. ते फरशीवरून किंचाळत बाजूला झालं.

मागे भिंत नव्हतीच, नुसतं ओलं, काळं, केसाळ काहीतरी होतं. वर रंगाचा पापुद्रा सापाच्या कातीसारखा लोंबत होता. खाली लांबीचा लगदा झाला होता. पापुद्र्याच्या कडेला ब्रशाचे फटकारे दिसत होते, उजवीकडून डावीकडे ओढलेले. तो हात रंगाऱ्याने ओळखला. डावऱ्याचा होता, वर्षानुवर्षं त्याच्या जोडीला काम केलेल्या, त्यानेच शिकवलेल्या रंगाऱ्याचा.

"हे तुम्हाला कसं कळलं नाही?" बायको दारातून म्हणाली. तिला खरोखर नवल वाटलं होतं. "तुम्हाला?"

बायकोची नजर खोलीभर फिरली आणि समोरच्या भिंतीपाशी फरशीवर येऊन थांबली. चार फिके चौकोन. ती हळूहळू तिथे गेली, पायाच्या अंगठ्याने एकावरून रेघ ओढली.

"हे आधी इथे होतं," ती म्हणाली. मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "तुम्ही बघितलं होतं. मी आरशात बघत होते तेव्हा तुम्ही खाली बघत होतात."

मग त्याला सांगावं लागलं. दाखवायचा हात, शनिवारची गिऱ्हाईकं, परातीएवढा डाग, उस्ताद हे नाव कुठून आलं ते. सांगून झाल्यावर बायको ओरडली नाही की रडली नाही. ओरडायला दम लागतो.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या गोळ्या त्या पैशांतून यायच्या," ती म्हणाली. "कुणाकुणाला खोकला लावून माझा खोकला बरा करत होतात."

आणि ती ओट्याखालच्या अंथरुणाकडे निघून गेली.

*

डावऱ्या चहाच्या टपरीवर सापडला. रंगाऱ्याने त्याची कॉलर धरली.

"मला काय माहीत कोण घेणार?" डावऱ्या म्हणाला. कॉलर सोडवायचीसुद्धा त्याने तसदी घेतली नाही. "किल्लीवाला म्हणाला, शनिवारी गिऱ्हाईक आहे. मी कपाट लावलं. आपण विचारतो का कधी, कोण येणार म्हणून? तू विचारलंस?"

रंगाऱ्याने कॉलर सोडली. डावऱ्याने त्याच्यासाठीही चहा सांगितला. तो तसाच निवत राहिला.

किल्लीवाला आपल्या टेबलामागे बसून किल्ल्यांना रंगीत दोरे बांधत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा "वहिनी कशा आहेत?" असंही विचारलं.

"साहेब, केसाने गळा कापलात माझा."

"उस्ताद, तोंड सांभाळ. तू कोण आहेस? रंगारी आहेस. मला वाटलं तू बघितलंस, समजलास, आणि घेतलंस. कपाटाला हातही लावलास तू. दुसऱ्या कुणाला ती भिंत विकली असती तर बिचारा फसला असता. तुझ्या तर घरचं काम. मी मालकालाही तेच म्हणालो, हा घेणारा उत्तम, उद्या तक्रार घेऊन दारात येणार नाही."

"तुम्ही म्हणालात, दोन्हीकडून मीच आहे."

"होतोच की. दोन्हीकडचं कमिशन मलाच मिळालं." हे तो चिडून बोलला नाही. लहान मुलाला समजवावं तसा बोलला. "घर विकायला मला कोण बोलावतं? मालक. पाटी कुणाच्या फाटकावर लागते? मालकाच्या. शिडी कितीदा तूच धरलीस. मी कुणाचा माणूस आहे हे या गावात एकट्या तुला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं मला."

"आणि मी सांगितलेला आकडा? तोच कसा आला मालकाच्या तोंडी?"

किल्लीवाल्याने एका किल्लीला निळा दोरा बांधला, गाठ दाताने आवळली. "तू सांगितलास कशाला?" तो म्हणाला.

रंगारी तिथून निघाला. आक्काने सांगितलेल्या चष्मेवालीकडे तो गेला. तिने कागद बघितले, मान हलवली. सगळं पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतलं असं त्याच्याच सहीने लिहिलं होतं. "आधी आला असतात तर," ती म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने सोडून दिलं, ही तिची माणुसकी.

*

भिंत उकरायची तर उन्हाळ्याशिवाय होणार नव्हती आणि शेजारी अंगणाला हात लावू देत नव्हता. थंडीत कामंही कमी. म्हणून किल्लीवाल्याचं बोलावणं आलं तेव्हा रंगारी गेला. जाताना बायकोने विचारलं नाही कुठे, आणि त्यानेही सांगितलं नाही.

पुन्हा तेच. रिकामं घर, खालची खोली, मऊ भिंत. कोपऱ्यात लांबी काही केल्या धरेना. त्याच्यापुढे एक पत्र्याचं कपाट सरकवून ठेवलेलं. ते आज डावऱ्याने सरकवलं होतं, रंगारी यायच्या आधीच.

दुसऱ्या हाताचा डबा तो ढवळत होता तेवढ्यात जुडगा वाजला. मागोमाग एक तरुण जोडपं आत आलं, बरोबर मुलीची आई, काठी टेकत.

"आईसाठी खालची खोली हवीच होती," मुलगी म्हणाली. मग रंगाऱ्याकडे वळून, "काका, भिंत कोरडी आहे ना?"

किल्ल्यांचा आवाज थांबला.

रंगाऱ्याने डब्यातली काठी निथळू दिली. म्हातारीच्या छातीकडे त्याचं लक्ष गेलं. ती बरी दिसत होती अजून.

"बाई, घर बघायला आपला माणूस आणावा," तो म्हणाला. "हे साहेब मालकाकडून आहेत."

मुलगी हसली. "अहो काका, साहेब आमचेच आहेत! दोन्हीकडून तेच बघतायत. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरसुद्धा त्यांनीच शोधून दिला."

"मग ते कपाट तरी सरकवून बघा."

"कपाट कशाला सरकवायचं?" नवरा म्हणाला. "ते आम्हालाच मिळतंय."

रंगारी उठला. हात रंगाने ओले होते तसेच त्याने कपाटाला लावले आणि खांदा दिला. पत्रा कण्हला, कपाट वीतभर, मग हातभर हललं. मागचा तो काळा, ओला कोपरा उजेडात आला आणि वास खोलीभर पसरला. त्याच्या स्वतःच्या घराचा वास.

म्हातारीने पदर नाकाला लावला. मुलगी एजंटाकडे वळली. रंगाऱ्याने किल्लीवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. आता, आता बोल म्हणावं.

"दिसलं ना?" किल्लीवाला म्हणाला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "म्हणूनच तर रंगारी लावलाय. तुम्ही यायच्या आधी बरी करून द्यायची म्हणून माझी धावपळ. हे आमचे उस्ताद. ओलीचे डॉक्टर म्हणतात यांना."

"हो का!" मुलगी म्हणाली. तिच्या कपाळावरची आठी गेली. "मग काम चालूच आहे. बघ, मी म्हटलं नव्हतं, साहेब स्वतः लक्ष घालतात?"

आणि ते स्वयंपाकघर बघायला गेले. म्हातारीची काठी फरशीवर टकटक वाजत राहिली.

किल्लीवाला मागे थांबला. "झालं मन मोकळं?" तो हळू आवाजात म्हणाला. "आता कपाट जागेवर ठेव आणि संध्याकाळच्या आत दुसरा हात संपव. वहिनींना विचारलंय म्हणून सांग."

रंगाऱ्याने डब्याला झाकण लावलं. ब्रश फडक्यात गुंडाळला, पत्री खिशात घातली. कपाट होतं तसं राहू दिलं. गल्लीच्या तोंडाशी त्याला डावऱ्या येताना दिसला, हातात फोन, खांद्यावर शिडी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

घरी बायको स्वयंपाकघरात उन्हाच्या तुकड्यात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची, असा तिचा दिवस.

"लवकर आलात?"

"काम संपलं."

"संपलं की सोडलं?"

त्याने फडक्यातला ब्रश कोपऱ्यात ठेवला. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, त्यात सोडा टाकला, फडकं घेतलं आणि खोलीत गेला. कपाट आता पुन्हा त्या चार चौकोनांवर उभं होतं. समोरच्या भिंतीवर कालचं पुसलेलं आज पुन्हा उगवलं होतं. तो उकिडवा बसला, फडकं पिळलं आणि रोजच्यासारखी पायथ्यापासून सुरुवात केली.